ठासणीची बंदूक आणि दारूची निवड : घाटंजी तालुक्यातील एक प्रकरण

यवतमाळ जिल्ह्यातील घाटंजी तालुक्यात, टिपेश्वर अभयारण्यापासून फार दूर नसलेल्या एका गावात, एका कोरडवाहू शेतकरी कुटुंबाकडे दोन पिढ्यांपासून एकनळी ठासणीची बंदूक (नळीच्या तोंडातून दारू ओतून गजाने ठासून भरायची) आहे. पीक संरक्षणासाठी तिचा परवाना आजोबांच्या नावावर होता. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम १३ मध्ये पिकाच्या खऱ्याखुऱ्या राखणीसाठी लागणाऱ्या ठासणीच्या बंदुकीचा स्वतंत्र उल्लेख आहे, आणि शस्त्र नियम २०१६ प्रमाणे परवानाधारकाने वयाची सत्तरी गाठली किंवा शस्त्र २५ वर्षे बाळगले, तर त्याच्या हयातीतच ते कायदेशीर वारसाच्या नावे करण्यासाठी अर्ज करता येतो. त्या तरतुदीनुसार परवाना नातवाच्या नावावर झाला आणि खरीप हंगामाच्या शेवटी, तूर शेंगांवर आली असताना, बंदूक त्याच्या ताब्यात आली. ती चालवण्यासाठी लागणारी दारू मात्र घरात नव्हती, आणि जी एका डब्यात होती ती वापरावी की नाही हे कोणालाच ठरवता येत नव्हते.

नेमबाजीचे प्राथमिक धडे देणारा म्हणून माझ्याकडे हा विषय आला, तो एका सरळ प्रश्नाच्या रूपाने : "सर, सर्वांत जोरदार पावडर कोणती?" नवशिक्या माणसाचा पहिला प्रश्न बहुधा हाच असतो, आणि तो चुकीच्या टोकाकडून विचारलेला असतो. दारू किती जोरदार आहे हे तिच्या एकटीवर ठरत नाही. ती कोणत्या नळीत, किती मापाने, कशाच्या मागे आणि किती घट्ट ठासली आहे, यावर तिचे वागणे अवलंबून असते. म्हणून आधी बंदूक पाहायची, मग काम पाहायचे आणि त्यानंतर दारूकडे वळायचे, असा क्रम आम्ही ठरवला.

कामाबद्दल फार बोलण्याची गरज पडली नाही. बंदूक परवान्याची असली तरी रानडुक्कर किंवा रोही मारण्याचा अधिकार तिच्यासोबत येत नाही. त्यासाठी वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ च्या कलम ११ खाली प्राधिकृत अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते, आणि अभयारण्याच्या हद्दीत तर परवानगीशिवाय शस्त्र घेऊन पाऊलही टाकता येत नाही. आजोबांनीही आयुष्यभर बंदूक वापरली ती मुख्यतः आवाजासाठी. रात्री जागलीला गेल्यावर कळपाची चाहूल लागली की धुऱ्यावरून आभाळाकडे एक बार काढायचा, एवढेच तिचे काम होते. हे काम लक्षात ठेवावे, कारण पुढचा बराचसा निर्णय त्यावरच झाला.

समोर आलेले चार पर्याय

पहिला पर्याय आजोबांच्या जुन्या डब्याचा होता. त्यातील काळी दारू अनेक पावसाळे पाहिलेली होती. तिचे खडे झाले होते आणि काही खड्यांवर पांढुरकी झाक आली होती. काळी दारू म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक यांचे घट्ट दाबून दाणेदार केलेले मिश्रण. ती कोरडी राहिली तर वर्षानुवर्षे टिकते, पण ओल लागली की सोरा पाण्यात विरघळून दाण्याच्या पृष्ठभागावर येतो आणि वाळल्यावर तिथेच स्फटिक होऊन बसतो. पांढरी झाक त्याचीच. अशी दारू उन्हात वाळवून पुन्हा पूर्वीसारखी होत नाही, कारण तिन्ही घटकांचे एकजीवपण मोडलेले असते. खडे फोडून ती बारीक करणे हा तर घर्षणाने पेट घेण्याला आमंत्रण देणारा प्रकार आहे. हा पर्याय तिथेच संपला. डबा कोणीही हाताळू नये असे सांगून, ती दारू नष्ट कशी करायची याबद्दल पोलीस ठाण्यात विचारणा करायला नातवाला पाठवले.

दुसरा पर्याय गावातल्या एकाने सुचवलेला, फटाक्यांतील दारू काढून वापरण्याचा. त्यावर फार शब्द खर्च करण्याची गरज नाही. फटाक्यातील मिश्रण फुटण्यासाठी बनवलेले असते, गोळी किंवा बोळा (दारूवर ठासायचा चिंधी-कागदाचा गोळा) ढकलण्यासाठी नव्हे. त्यात काय, किती आणि कसे मिसळले आहे हे वापरणाऱ्याला कधीच कळत नाही.

तिसरा पर्याय मावसभावाचा होता आणि चर्चेचा सर्वांत मोठा भाग त्यानेच व्यापला. चौथा होता परवानाधारक विक्रेत्याकडून रीतसर काळी दारू घेण्याचा. तो सर्वांना ठाऊक होता, पण नकोसा वाटत होता, कारण विक्रेता लांब शहरात, माल कधी असतो कधी नसतो, आणि प्रत्येक खरेदीची परवान्यात नोंद.

मावसभावाचा युक्तिवाद

मावसभावाकडे बारा बोअरची (बोअर म्हणजे नळीच्या छिद्राचे माप) परवान्याची बंदूक होती आणि त्याच्या सासऱ्यांकडे इशापूरच्या कारखान्यात बनलेली .३१५ बोअरची रायफल. दोन्हींची काही जुनी काडतुसे त्याच्याकडे पडून होती. ती फोडून आतली पावडर ठासणीच्या बंदुकीत भरावी, असे त्याचे म्हणणे. आजोबांना तो म्हणाला, "आबाजी, थे पावडर लय भारी हाये. धूर नाही, घाण नाही. तुमच्या काळ्या दारूपेक्षा अर्धीच टाका." आजोबांनी एवढेच उत्तर दिले, "ह्या बंदुकीले थे चालत नाही, बाप्पा. काऊन चालत नाही थे मले सांगता येत नाही, पण चालत नाही."

आजोबांचे म्हणणे बरोबर होते, पण तरुण माणूस कारण मागतो आणि ते मागण्याचा त्याला अधिकारही आहे. मावसभावाचा युक्तिवाद वरवर पाहता चुकीचा नव्हता. बारा बोअरच्या बंदुकीची नळी ठासणीच्या बंदुकीच्या नळीपेक्षा पातळ असते आणि तरीही तिच्यात धूररहित दारूचीच काडतुसे चालतात. अमेरिकी मानकानुसार पावणेतीन इंची बारा बोअर काडतुसाचा कमाल दाब चौरस इंचाला ११,५०० पौंड धरला आहे, आणि काळ्या दारूने भरलेली भारी ठासणीची बंदूकही त्या आकड्याच्या आसपास जाऊ शकते. मग जाड नळीला भीती कसली, असा त्याचा प्रश्न होता. या प्रश्नाला "परंपरा" हे उत्तर पुरत नाही.

उत्तर दोन दारूंच्या जळण्याच्या रीतीत आहे. काळी दारू दाण्याच्या पृष्ठभागावरून जळते आणि भोवतालचा दाब वाढला तरी तिचा जळण्याचा वेग त्या मानाने फार बदलत नाही. म्हणून तिचा वेग दाण्याच्या आकाराने आवरता येतो : दाणा मोठा तर संथ, बारीक तर झटपट. १८८४ मध्ये फ्रान्समध्ये पॉल व्हिएय याने व्यवहारात आणलेली धूररहित दारू नायट्रोसेल्युलोजची असते (पुढे आलेल्या काही प्रकारांत नायट्रोग्लिसरीनही असते) आणि तिचे वागणे अगदी वेगळे आहे. दाब वाढला की ती अधिक वेगाने जळते आणि वेगाने जळली की दाब आणखी वाढतो. काडतुसात हे चक्र आवरलेले असते, कारण दारूचा प्रकार, तिचे वजन, टोपी (आघाताने फुटून दारू पेटवणारी), मधला बूच, छर्ऱ्यांचे वजन आणि काडतुसाच्या तोंडाची घडी या सर्व गोष्टी कारखान्यात एकमेकींशी जुळवून बसवलेल्या असतात. ठासणीच्या बंदुकीत यांपैकी एकही गोष्ट ठरलेली नसते. बोळा किती घट्ट बसला हे ठासणाऱ्याच्या मनगटावर अवलंबून, आणि मनगट रात्री बारा वाजता, डुकरांचा आवाज ऐकू येत असताना, शांत असेलच असे नाही.

दुसरी अडचण मापाची आहे. काळी दारू आकारमानाने मोजतात. आजोबांकडे पितळेचे माप होते, ते भरून नळीत ओतायचे. धूररहित दारू वजनाने मोजतात, तीही ग्रेनच्या दशांशापर्यंत, आणि १ ग्रेन म्हणजे एका ग्रामचा साधारण पंधरावा भाग. बारा बोअरच्या जुन्या काडतुसात ३ ड्राम, म्हणजे सुमारे ५.३ ग्राम काळी दारू भरत. तेवढेच काम करणारी धूररहित दारू प्रकारानुसार साधारण सव्वा ते दीड ग्राम पुरते. आता ३ ड्रामाचे माप घेऊन त्यात धूररहित दारू भरली, तर तिच्या चपट्या पत्र्यांच्या हलक्या जातीनेही वजन लागते त्याच्या किमान दुपटीच्या घरात जाते आणि गोल दाण्याच्या जड जातीने तिपटीच्या पुढे. "अर्धीच टाका" या सल्ल्यातले अर्धे कोणाचे आणि कशाने मोजलेले, याचा पत्ता नसतो.

तिसरी गोष्ट बंदुकीच्या बांधणीची. ठासणीच्या नळीचे मागचे तोंड आट्यांच्या बुचाने बंद केलेले असते आणि निपलचे, म्हणजे ज्यावर टोपी बसते त्या नळकांडीचे, छिद्र सरळ दारूपर्यंत उघडे असते. दाब मर्यादेबाहेर गेला तर तो या दोन जागा शोधतो आणि त्या दोन्ही जागा नेम धरणाऱ्याच्या तोंडासमोर असतात. धूररहित दारूच्या चाचणीतून उतरलेल्या इंग्रजी बंदुकांच्या नळीवर "नायट्रो प्रूफ" अशी खूण ठोकलेली असे. या बंदुकीवर तशी कोणतीही खूण नव्हती.

या सर्वांपेक्षा नातवाला पटलेला मुद्दा वेगळाच होता, आणि तो त्याच्या कामाशी थेट जोडलेला होता. त्याला नुसता आवाज हवा होता. धूररहित दारूला पुढे भार नसेल, ती कोंडली गेली नसेल, तर ती नळीत आळसाने जळते, अर्धवट जळलेले कण बाहेर पडतात आणि आवाज फुसका निघतो. असा फुसका बार निघाला की माणूस पुढच्या वेळी दारू वाढवतो किंवा बोळा जास्त ठासतो आणि एका क्षणी ती सीमा ओलांडली जाते, जिच्यानंतर दाब एकदम चढतो. माझ्या मते नवशिक्याच्या हातून घडणारा खरा अपघात याच पायऱ्यांनी येतो. त्याला धाडस नडत नाही, पहिल्या दोन बारांची निराशा नडते.

रायफलीच्या काडतुसाचा वेगळा हिशेब

.३१५ च्या काडतुसांबद्दल मावसभावाचा आणखी एक बेत होता. त्याला रायफलीचीच रिकामी पितळे (काडतुसांची कवचे) पुन्हा भरायची होती आणि त्यासाठी बारा बोअरची पावडर उरली तर वापरायची होती. हा बेत ठासणीच्या बंदुकीइतकाच घातक होता. छर्ऱ्याच्या काडतुसाची दारू जलद जळणारी असते, कारण तिला रुंद नळीतून छर्रे ढकलायचे असतात. रायफलीची दारू संथ जळणारी असते, कारण अरुंद नळीत घट्ट बसलेल्या गोळीच्या मागे दाब हळूहळू चढवत न्यायचा असतो. जलद दारू रायफलीत भरली तर गोळी हलण्याआधीच दाब शिखरावर पोचतो. आधुनिक रायफलीची कमाल मर्यादा मुळातच मोठी आहे, .३०८ विंचेस्टर या काडतुसासाठी ती अमेरिकी मानकात चौरस इंचाला ६२,००० पौंड आहे, त्यामुळे तिथे चुकीला जागा नसते.

ज्या देशांत काडतुसे घरी भरण्याचा छंद कायद्याने मोकळा आणि रुळलेला आहे, तिथे नवशिक्याला दारू कशी निवडायला शिकवतात हे मी त्याला सांगितले, कारण त्यातून त्याच्या बेतातले दोष त्याला स्वतःच दिसणार होते. तिथे आधी काडतूस आणि गोळीचे वजन ठरवतात, मग दारू बनवणाऱ्याने किंवा गोळी बनवणाऱ्याने छापलेल्या भरणपुस्तिकेत त्या जोडीसमोर ज्या दारूंची नावे आहेत त्यांतूनच निवड करतात. त्यातही अशी दारू बरी मानतात जी पितळाचा बहुतेक भाग व्यापते, म्हणजे चुकून दोनदा ओतली गेली तर ती काठावरून सांडते आणि चूक डोळ्यांना दिसते. सुरुवात पुस्तिकेतील किमान भरणीने करतात, किमान दिलेली नसेल तर कमाल भरणीपेक्षा सुमारे १० टक्के खालून. आणि ज्या दारूचा मूळ डबा व त्यावरचे नाव समोर नाही, ती कधीच वापरत नाहीत. रंगावरून, दाण्याच्या आकारावरून किंवा वासावरून दारू ओळखता येत नाही. एकाच कारखान्याच्या दोन दारू हुबेहूब दिसूनही जळण्यात फार वेगळ्या असू शकतात.

फोडलेल्या काडतुसातली पावडर या शेवटच्या कसोटीवरच बाद होते, कारण कारखाने काडतुसांसाठी जी दारू वापरतात तिचे नाव खोक्यावर नसते. शिवाय ही काडतुसे कित्येक उन्हाळे टिनाच्या छपराखाली पेटीत पडलेली होती. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो आणि टिनाखाली त्याहून वर. नायट्रोसेल्युलोज अशा उष्णतेत हळूहळू कुजते, आंबट उग्र वास येऊ लागतो, कधी तांबूस वाफ दिसते, आणि कुजलेली दारू कशी वागेल याचा भरवसा उरत नाही.

कायद्याची बाजूही त्याला ठाऊक नव्हती. शस्त्र अधिनियमाच्या कलम ५ प्रमाणे दारूगोळा तयार करायला स्वतंत्र परवाना लागतो आणि बंदूक बाळगण्याचा परवाना म्हणजे काडतुसे भरण्याचा परवाना नव्हे. स्वतःच्या परवान्यावर घेतलेली काडतुसे दुसऱ्याच्या वेगळ्या शस्त्रासाठी देणे हेही सरळ प्रकरण नाही. नव्याने काही करण्याआधी परवाना देणाऱ्या कार्यालयाला लेखी विचारावे आणि लेखी उत्तर येईपर्यंत थांबावे, एवढा सल्ला मी दिला. मावसभावाने नाराजीने का होईना, जुनी काडतुसे परवानाधारक विक्रेत्याकडे जमा केली.

बंदुकीची तपासणी आणि खरेदी

दारू आणण्याआधी बंदूक दुरुस्तीचा परवाना असलेल्या कारागिराला दाखवली. तिथे दोन गोष्टी कळल्या. निपलचे छिद्र अनेक वर्षांच्या वापराने झिजून रुंद झाले होते, आणि अशा छिद्रातून वायू मागे फेकला जाऊन घोडा उचलला जातो, टोपीचे तुकडे उडतात. निपल बदलले. नळीच्या आत तळाशी गंजाचे खड्डे होते, पण खोल नव्हते. मागचे बूच शाबूत होते. कारागिराने बंदूक हलक्या भरणीसाठी योग्य ठरवली आणि भारी भरणीला स्पष्ट नकार दिला. त्याचे हे मत दारू निवडताना माझ्या सांगण्याइतकेच महत्त्वाचे ठरले.

विक्रेत्याकडे काळी दारू दोन प्रकारच्या दाण्यांची होती. परदेशी डब्यांवर हे प्रकार एफ या अक्षराने दाखवतात, जितके एफ अधिक तितका दाणा बारीक : एक एफ तोफा आणि फार मोठ्या नळ्यांसाठी, दोन एफ मोठ्या बोअरच्या बंदुकांसाठी, तीन एफ लहान बोअर आणि पिस्तुलांसाठी, आणि चार एफ चकमकीच्या (गारगोटीच्या ठिणगीने पेटणाऱ्या) बंदुकीच्या कानात टाकण्यासाठी. नातवाचा कल बारीक दाण्याकडे होता, कारण ती लवकर पेटते असे त्याने ऐकले होते. ते खरेही आहे. पण तीच भरणी बारीक दाण्याने अधिक दाब देते, आणि खड्डे पडलेल्या जुन्या रुंद नळीत तो दाब कशासाठी हवा, याला त्याच्याकडे उत्तर नव्हते. जाड रव्याएवढ्या दाण्याची दारू घेतली, परवान्यात जेवढी मर्यादा नोंदवलेली होती तिच्या आत, पावतीसह आणि परवान्यातील नोंदीसह. टोप्या त्याच दुकानातून, नव्या निपलवर बसवून पाहून घेतल्या. सैल टोपी पडते आणि फार घट्ट टोपी दाबून बसवताना फुटू शकते, म्हणून हे दुकानातच तपासावे.

भरण्याची शिस्त

यापुढचे शिकवणे मी आजोबांवर सोपवले, कारण त्यांच्या हाताला ते मुरलेले होते. मी फक्त काही ठिकाणी कारणे पुरवली. मोठ्या डब्यातून थेट नळीत दारू कधी ओतायची नाही, कारण आधीच्या बाराचा निखारा आत धुमसत असेल तर ज्वाळ डब्यापर्यंत येते. म्हणून दारू आधी मापात, डबा बंद करून बाजूला, आणि मग माप नळीत. बोळा दारूवर पूर्ण टेकला पाहिजे. मध्ये पोकळी राहिली तर नळी त्या जागी फुगते. यासाठी आजोबांनी ठासणीच्या गजावर दोन खुणा कोरलेल्या होत्या, एक रिकाम्या नळीची आणि एक भरलेल्या. अंधारात बोटाने चाचपूनही बंदूक भरलेली आहे की नाही हे त्यांना कळत असे, आणि भरलेल्या बंदुकीत पुन्हा दारू ओतण्याची नवशिक्याची सर्वांत घातक चूक त्यामुळे टळत असे. टोपी सर्वांत शेवटी, नळी आभाळाकडे असताना. टोपी फुटूनही बार निघाला नाही तर बंदूक सुरक्षित दिशेला धरून किमान मिनिटभर थांबायचे, कारण ओलसर दारू उशिरा पेटते.

एक गोष्ट आजोबांनाही सुचली नव्हती. नुसत्या आवाजाच्या बारात बोळा जळत बाहेर पडतो. पूर्वी तो वावरातच पडून विझत असे. आता कापणीनंतर सोयाबीनचे ढीग वावरात असतात, पऱ्हाटी वाळलेली असते, आणि चिंधीचा धुमसता तुकडा वाऱ्याने त्यात गेला तर डुकरांपेक्षा मोठे नुकसान होईल. चिंध्या आणि कागद बंद करून जाड नमद्याच्या चकत्या वापरायच्या, बार ढिगांच्या उलट दिशेला काढायचा आणि जिथे बोळा पडेल ती जागा बॅटरीने पाहूनच परत फिरायचे, असे ठरले.

साफसफाईबाबत काळ्या दारूला सवलत नाही. ती जळल्यावर निम्म्याहून अधिक वजन घन अवशेष म्हणून मागे राहते, ते हवेतील ओल ओढून घेते आणि एका रात्रीत नळीला गंज चढवू शकते. त्याच दिवशी कढत पाण्याने धुणे, कोरडे करणे आणि तेलाचा हात फिरवणे, हे न करणाऱ्याने ठासणीची बंदूक बाळगू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

हंगामातील अनुभव आणि पुढचा प्रश्न

तुरीचा हंगाम संपेपर्यंत बंदूक वापरली गेली ती केवळ आवाजासाठी. मारण्याची परवानगी कुटुंबाने मागितली नाही. हलक्या भरणीचा आवाज पुरेसा ठरला, मात्र रानडुकरांना त्याची सवय होऊ नये म्हणून दर रात्री बार काढणे टाळले आणि एरवी झटका मशीनच्या (कुंपणाला विजेचा सौम्य झटका देणाऱ्या यंत्राच्या) तारेवर भिस्त ठेवली. शेजाऱ्यांची तक्रार अशी की कळप आता त्यांच्या वावरात उतरतो, आणि ती रास्त आहे.

दारू मिळण्याची अडचण मात्र कायम आहे. विक्रेत्याकडे माल नसला की शहराची फेरी वाया जाते. त्यामुळे ठासणीची बंदूक सोडून बारा बोअरच्या बंदुकीसाठी अर्ज करावा का, असा विचार नातू करीत आहे. तसे झाले तर त्याला कारखान्याची काडतुसे विकत घ्यावी लागतील आणि दारू निवडण्याचा प्रश्नच उरणार नाही. खर्च वाढेल, प्रत्येक काडतुसाची नोंद ठेवावी लागेल आणि परवान्याचे प्रकरण पुन्हा जिल्हाधिकारी कार्यालयातून फिरेल. आजोबांचा या बदलाला विरोध आहे. अर्ज अजून भरलेला नाही.